पहिला घास माझा

सानगडी, रविवार संध्याकाळ

मागच्या खोलीत भाताचं तणस भरलेल्या पिशव्यांवर उगवलेल्या अळिंब्यांची आज पहिली भाजी केली. महिनाभर पाणी फवारलं, रोज उठून आधी त्याच पाहिल्या. ताटं वाढली, तर कोणी हात लावेना.

"कुत्र्याच्या छत्र्या घरात पिकवते अन् आमाले चारते," सासूबाई म्हणाल्या.

हे हसले. "तूच खा पहिले. तुले काही झालं नाही, तं मंग आमी खातो."

खाल्ली. दोघं माझ्या तोंडाकडे पाहत होते. चव काही कळलीच नाही. बाजारात रानातल्या सात्या येतात, त्याही छत्र्याच. त्या कोणी तोडल्या हे न विचारता घेतात. मग माझ्याच हाताची भीती का?

वरणभातावर त्यांनी भागवलं. दुपार टळली, मी धडधाकट होते, भांडी घासत होते, तेव्हा यांनी कढईवरचं झाकण काढलं. दोघांनी चाटूनपुसून खाल्ली.

"मस्त झाली वं, उद्या परत कर," हे म्हणाले.

करीन. पण ते पाहत होते ना माझ्या तोंडाकडे, तेव्हा मीही त्यांच्या तोंडावर काळजी शोधत होते. नुसती उत्सुकता होती.