दोन वाजताची नोंद

प्रिय शिट्टीबहाद्दर,

चौकशी अधिकाऱ्यांच्या खोलीबाहेर बाकावर बसून लिहितोय. अक्षर वाकडं दिसलं तर हसू नकोस. समोरच्या बाकावर कारखान्याच्या मालकांची दोन माणसं बसली आहेत. एकाला मी मनात लांब्या म्हणतो, दुसऱ्याला गोडबोल्या. कागद त्यांचाच, पेनही त्यांचंच. स्फोटाच्या दिवशी दोन वाजल्यानंतर सेफ्टी व्हॉल्व्ह, म्हणजे जादा वाफ सोडणारी आपली झडप, तारेने बांधला तो तूच, असा जबाब मी लिहून आत न्यायचा आहे. म्हातारा मान खाली घालून लिहितोय हे बघून गोडबोल्या खूश आहे. मघाशी म्हणाला, "सावकाश होऊ द्या काका, घाई नाही."

बावीस वर्षं आपण एकाच बॉयलरची चाकरी केली, पण भेट रोजची पाच मिनिटांची. माझी पहिली पाळी संपायची, तुझी दुसरी सुरू व्हायची. तू शिट्टी वाजवत यायचास आणि मी दाबाच्या काट्यासमोर शाळेतली एखादी कविता म्हणत असायचो. "अरे कवड्या, तुझ्या कवितांनीच पाणी उकळतंय, कोळसा कशाला जाळतोस?" असं म्हणून पाठीत धपका. मग तू हातपाय धुऊन चहा घ्यायला जायचास आणि तुझ्या पाळीची पहिली ओळ मीच नोंदवहीत लिहून टाकायचो. दाब ठीक, झडप मोकळी. खाली तुझी सहीसुद्धा. माझ्या पाळीची पहिली ओळ रात्रपाळीवाला लिहायचा. कायद्यात बसत नव्हतं, पण आपल्यात तो जिव्हाळा होता. परक्याच्या नावाने आपण अशी सही कधी केली असती का?

त्या दिवशी सकाळी अकराला मॅनेजरने फिटरकडून व्हॉल्व्ह बांधून घेतला. माल तातडीने रंगवून द्यायचा होता आणि व्हॉल्व्ह सारखा वाफ सोडत होता. मी म्हणालो, साहेब, हे बरं नाही. तो म्हणाला, "काका, तुम्ही कविता करा." फिटर हसला, आणि मीही हसलो रे. ते हसणं मला अजून खातंय. दोनला दहा मिनिटं कमी असताना हाताने सवयीने दोनची नोंद लिहिली, झडप मोकळी. तुझी सही ठोकली. तुला यायला उशीर झाला, मला घरची ओढ. तुझी वाट न बघता, तारेबद्दल एक शब्द न सांगता मी निघालो. तू पाळीवर आलास, तीनच्या आत बॉयलर फुटला आणि हौदावरचा रंगारी जागीच गेला. नोंद म्हणते, दोनला झडप मोकळी होती. म्हणजे बांधली ती तू. ते अक्षर कुणाचं हे तू पहिल्याच दिवशी ओळखलंस. तुला कामावरून काढलं, बहिणीकडे तोंड लपवून राहायची वेळ आली, तरी तू माझं नाव घेतलं नाहीस.

ही दोघं रोज चारला घरी यायची. पाणी मागायची, पेला विसळून जागेवर ठेवायची. इतकी सभ्य की शेजाऱ्यांना पाहुणेच वाटावेत. एकदा गोडबोल्याने विचारलं, "नातीची शाळा किती वाजता सुटते हो? रस्ता फार वाहता आहे तो." सूनबाई दुसऱ्याच दिवशी पोरीला घेऊन माहेरी गेली. त्यानंतर दाराची कडी वाजली की मी देवघराकडे पळायचो. मी देवापुढे बसायचो आणि म्हणायचो, यांना उद्या पुन्हा पाठवू नकोस. ती बरोबर चारला हजर.

आज पहाटे कळलं, मी देवाशीही लबाडी करत होतो. माझी चूक झाक, आणि मला निर्भयही कर, असं एकाच ओंजळीत मागत होतो. मग त्याला सगळं सांगितलं. तार, हसणं, सही, सगळं. लहानपणी मास्तरांपुढे कविता पाठ न झाल्याचं कबूल करावं, तसा कान धरून उभा राहिलो. आकाशवाणी वगैरे काही झाली नाही. पण ज्याला खरं भ्यायला हवं होतं त्याच्यापुढे उघडा पडलो, आणि त्याने मला लोटलं नाही. मग या दोघांकडे माझ्यावर चालवायला हत्यार कुठलं उरलं? समोर ती दोघं आताही बसली आहेत. माझ्या आत मात्र कुणीतरी हात धरून बसलंय. लांब्या टक लावून बघतोय, आणि आज पहिल्यांदा मी त्याच्या नजरेला नजर दिली. त्यानेच खाली बघितलं.

आता पत्र का लिहिलं ते सांगतो. आत मी खरंच बोलणार आहे. पण मी हसून गप्प बसलेला माणूस आहे, ऐन वेळी जीभ पुन्हा टाळ्याला चिकटली तर? म्हणून इथे लिहून ठेवतो. दोन वाजताची नोंद आणि त्याखालची तुझी सही, दोन्ही माझ्या हातची आहेत. तार मॅनेजरने अकरा वाजता माझ्यासमोर बांधून घेतली. खाली आजची तारीख आणि माझी खरी सही करतोय. तुझ्या बहिणीच्या पत्त्याचं पाकीट घरूनच खिशात घालून आणलंय, आणि बाहेर, जिन्याशेजारी टपालपेटी आहे. शिपायाने माझं नाव पुकारलं की आधी तिथे जाईन, मग आत. ही दोघं धावली तरी पेटीची किल्ली त्यांच्याकडे नाही. हा कागद मिळाला की वकिलाला दाखव. माझी कीव करू नकोस. पुकारा झाला बघ. उठतो.

तुझाच,
पहिल्या पाळीवाला