राजाच्या पाठीवरची परात

राजकोट,
होळीच्या आदल्या दिवशी, १९९८

आणि माफी मी मागणार नाही तात्या, तुम्ही आणखी चार पत्रं टाकलीत तरी नाही. मागच्या पत्राला उत्तर दिलं नाही, कारण राग गिळत होतो. आता गिळून झाला, तेव्हा रीतीनं सुरुवात करतो. तीर्थरूप आकाराम तात्यांच्या पायावर पुतण्या कृष्णातचं डोकं. कंबर कशी आहे? तानाकाकीच्या गुडघ्याला तेल लावून देता, का लांबनंच "लाव की गं" म्हणता? मी बरा आहे. फौंड्रीत भट्टीपुढं उभा असतो, घाम गाळतो, आणि इथल्या आमटीतला गूळ बाजूला काढता येत नाही म्हणून गपगुमान खातो. (एसटीडीवरून बोललो असतो, पण तिथं मीटर पळतं आणि तुम्ही खोकत बसता.)

तुम्ही लिहिता, वरच्या गल्लीच्या राजवीरला यात्रेत मीच घोड्यावरनं पाडला असं देवळात नारळावर हात ठेवून कबूल करायचं, म्हणजे ते लोक त्याच्या बहिणीचं, क्रांतीचं, माझ्याशी जमवतील. तात्या, हात तरी लावला का मी त्याला? तुमची कंबर धरली नसती तर माझ्या जागी तुम्ही असता, आणि आज नारळ तुमच्यापुढं असता.

सगळा घोळ त्या राजाचा. कोण राजा, कुठला, पत्ता नाही. नाव विचारलं तर वरची गल्ली नुसतं "आमचा राजा" म्हणते, जसा काय काल रेशनच्या रांगेत भेटलेला. तो म्हणे शिकारीला गेला, मागनं आपल्या घरातला सरदार धनुष्य घेऊन गेला, आणि रानातनं राजा आला तो पाठीत बाण घेऊन, चौघांच्या खांद्यावर. सरदार तसाच घटप्रभा ओलांडून पळाला. बघितलं कुणी? कुणी नाही. रानात आणखी शिकारी होते, त्यांच्याकडं काय लाटणी होती? पण बोट आपल्या घराकडं. (पळाला हे त्याचं चुकलं, मान्य. पण राजा मेलेला आणि भोवती तलवारी उपसलेली वरची गल्ली. थांबून काय चहा घेणार होता?)

तेव्हापासून दर यात्रेला हे सोंग. वरच्या गल्लीचा माणूस राजा होऊन घोड्यावर, बाण अडवायला पाठीला पितळी परात बांधून, आणि मागं आपल्या घरचा माणूस हातात धनुष्य घेऊन, तेही बिनदोरीचं. दोरी दिली तर आपण त्यांचा राजा पुन्हा मारू म्हणून! एवढ्या पिढ्या मेल्या, पण यांची परात काही सुटत नाही. आणि आपण असले येडे, की त्याला मान म्हणतो. तुम्ही तर आठ दिवस आधी फेट्याला खळ घालता.

या वर्षीचा घोडा आणला कुठनं, तर लग्नाच्या वरातीतला. नाचरा. हलगी कडाडली की मागच्या पायांवर उभं राहायचं, एवढीच त्याची शाळा (माझ्यापेक्षा थोडी जास्तच झाली असेल). घोडेवाल्यानं बिचाऱ्यानं आधी सांगितलं, "पावणं, वाजीप जरा लांब ठेवा." त्यावर आमचे राजे म्हणाले, "मला घोडं शिकिवतोस व्हय रं?" आणि हलगीवाल्यांना मुद्दाम जवळ बोलावलं. भैरोबाच्या देवळापुढं हलगी कडाडली, घोडा शाळेत शिकवल्याप्रमाणं उभा राहिला, आणि राजवीर शेपटीवरनं सुळकन खाली. आधी परात वाजली, ती देवळातली घंटा गप बसावी अशी. मग दिसलं, की गडी परातीवर उताणा, कासवासारखे चारी पाय वर, आणि ती गोल परात काही त्याला उठू देत नाही.

गावानं घोड्याकडं बघितलं? नाही. हलगीकडं? नाही. सगळ्या गावानं वळून माझ्याकडं बघितलं. वरच्या गल्लीची चिमणाबाई ओरडली, "मारला गं बाई, परत मारला!" मी धनुष्य वर करून दाखवलं, की बघा, दोरी न्हाई. तर पुढची चार माणसं भुईवर आडवी झाली. त्या मिनिटाला मला उमगलं राजा कसा मेला ते. घोड्यावर बसता येत नव्हतं त्याला, दुसरं काय! पडला असेल आपल्याच भात्यावर, आणि मागं कोण होतं ते बघून गाव मोकळं झालं.

मग मी पळालो. (हसू नका. तुम्ही नव्हता तिथं.) थेट नेसरीचा स्टँड, तिथनं कोल्हापूर, तिथनं परत इथं भट्टीपुढं, धनुष्य हातातच. कंडक्टर म्हणाला, "ह्येचं अर्धं तिकीट लागंल."

राजवीरला झालं काय, तर मनगट मुरगळलं. ते अजून गळ्यात बांधून गावभर मिरवतोय, असं क्रांती लिहिते. ती म्हणते, "दादाला घोड्यावर बसता येत न्हाई हे घरात सगळ्यांस्नी ठावं हाय. पण तुमी पळालासा कशाला?" पळालो ते पळालो, पण न केलेलं केलं म्हणायला मी काही त्या वरच्या गल्लीचा गडी नव्हे. सांगा त्यांना, परात सोडा, मग बोलायला या. मोडेन, पण नारळावर हात ठेवणार नाही.

आपला,
कृष्णात

ता. क. – धनुष्य खोलीवर आहे. त्यावर आम्ही चौघं टॉवेल वाळत घालतो. चोरलं म्हणून बोंब उठली असेल तर तेवढं मात्र खरं आहे.

ता. क. – पत्र चिकटवणार तोवर क्रांतीचं दुसरं आलं. पाडव्याला गडहिंग्लजचं स्थळ तिला बघायला येतंय, मुलगा साखर कारखान्यात आहे. तेव्हा तात्या, कंबर दुखो का मोडो, पाडव्याच्या आत देवळात जा आणि माझ्या वतीनं नारळावर हात ठेवा. पाडला म्हणा. ढकलला म्हणा. राजालाबी मीच मारला म्हणा, मागल्या जन्मी तो सरदार मीच होतो. घोड्याला बोल लावू नका, राजवीरला लागतं. नारळ, पंचांचा चहा आणि क्रांतीच्या घरी न्यायचे पेढे, सगळं मिळून मनीऑर्डर केली आहे, रुपये सातशे पन्नास.