उलट्या बाजूची शिवण

प्रिय चिमणे,

फोनमध्ये बसवायचं जे पॅकेज तू लिहिलंस आणि नंतर मागे घेतलंस, ते मी येत्या शुक्रवारी पुन्हा लोकांसमोर ठेवणार आहे. आधीच कळवते, नंतर "आई, मला विचारलंस का?" नको.

बाबांचा हात थरथरायचा म्हणून तू ते केलंस. बोट क्षणभर टेकलं तरच फोनने ऐकायचं, थरथर सोडून द्यायची. कंपनी असलं काही बसवू देईना, तेव्हा तू फोनचं कुलूपच तोडलंस. जेलब्रेक म्हटल्यावर मी विचारलं होतं, तुरुंगात डबा कोण पोचवणार? बाबा म्हणाले, "हात नाचतोय तो नाचू दे, फोनने ताल धरला नाही म्हणजे झालं." किती हसलो होतो आपण!

मग तू ते इतरांनाही दिलंस, आणि त्या निवृत्त शिक्षिकाबाईंचा फोन सुरू होतानाच अडकला. तो आतून सगळा पुसावा लागला, त्यांच्या यजमानांच्या आवाजातले निरोप गेले. तू फक्त बाबांच्या फोनवर तपासलं होतंस, आणि कुठल्या आवृत्तीवर चालतं ते लिहिलंच नव्हतंस. चूक तुझीच, मी पांघरूण घालत नाही. पण बाबा गेल्यावर तू लॅपटॉप माझ्या कपाटात ठेवलास आणि तो विषयच बंद केलास, ते मला पटलं नाही.

माझ्या कॉन्व्हेंट शाळेत शिवण शिकवणाऱ्या सिस्टर रुमाल आधी उलटा करून बघायच्या. गाठ दिसली की "उसव!" आणि उसवल्यावर कापडाला भोक राहिलं तर आणखी ओरडा. लॅपटॉपसोबत ठेवलेली तुझी टिपणांची वही वाचताना त्याच आठवत होत्या. कोपऱ्यावरच्या दुरुस्तीवाल्याने सहा जुने फोन दिले. म्हणाला, "काकू, बिनधास्त बिघडवा, मेलेलेच आहेत." आठ महिने त्याचं डोकं खाल्लं, शिकत शिकत तुझं काम उसवून पुन्हा शिवलं. आता पॅकेज आधी फोनची आवृत्ती बघतं, अनोळखी असेल तर बसतच नाही. बिनसलं तर स्वतः बंद होतं, फोनला अडवत नाही. काढून टाकलं की सगळं होतं तसं परत ठेवतं. आणि माहितीत पहिलीच ओळ आहे: आधी फोनमधल्या सगळ्याची प्रत काढून ठेवा.

त्या बाईंनाही मी फोन केला. आधी काय काय बदललंय ते त्यांनी दोनदा विचारून घेतलं. मग म्हणाल्या, "हात अजून थरथरतो हो माझा. पाठवा."

पॅकेजवर तुझं नाव तसंच ठेवलंय. नको असेल तर गुरुवारपर्यंत सांग, पण कारण चांगलं हवं.

हे पत्र कागदावर लिहायला बसले होते. तीन कागद फाडले. गेल्या महिन्यात डॉक्टरांनी माझा उजवा हात धरून बाबांच्याच आजाराचं नाव घेतलं. मग बाबांचा फोन काढला, त्यावर पॅकेजची नवी आवृत्ती बसवली आणि हे सगळं त्यावर लिहिलं. बघ, एकही अक्षर दोनदा उमटलेलं नाही. रडत येऊ नकोस. दुरुस्तीवाल्याने नुकताच सातवा फोन दिलाय, त्यावर पॅकेज अजून बसत नाही, ते सोडवायला ये.

तुझीच, हट्टाला पेटलेली
आई