मच्छिंद्रचे दोन दात, फ्रान्सचे दोन गोल

१६ मे २०२२, सकाळी
आरती, लिही. वाचणारी पण तूच, म्हणून आधीच सांगते: तुला सकाळची भाजी दुपारी आठवत नाही, तुझ्यासाठी ही वही. मला गरज नाही. मी शाळेची पायरी चढले नाही, म्हणून माझं सगळं डोक्यात शाबूत हाय.

तर माझ्या थोरल्या मच्छिंद्रची पोरगी, संस्कृती. सावेडीला असते, फुटबॉलमध्ये गोलकीपर. सुट्टीचे शेवटचे दिवस कोल्हारला माझ्याकडं, की भिंगारला तिच्या आईच्या आईकडं, यावर माझी आणि पुष्पावती विहीणबाईंची फोनवर जुंपली. पोरगीच म्हणाली, भांडू नका. एक तारखेला लंडनला युरोपचा चॅम्पियन आणि दक्षिण अमेरिकेचा चॅम्पियन खेळणारेत. त्या मॅचचा इतिहास जी आजी एकतीसला फोनवर बरोबर सांगेल, तिच्याकडं येते.

म्हणजे यात्रेतली शेवटची मानाची कुस्ती. यात काय अवघड.

१८ मे
संस्कृतीनं दोघींना इतिहास सांगितला. विहीणबाईंनी लिहून घेतला. बिचाऱ्या.

माझी पद्धत वेगळी. पंच्याऐंशी साली पॅरिसला फ्रान्सनं उरुग्वेला दोन गोल दिले. तेव्हा मच्छिंद्रला दोन दात आलेले. त्र्याण्णवला अर्जेंटिना आणि डेन्मार्क एक-एक बरोबरीत, मॅच लांबली, पेनल्टीवर अर्जेंटिना जिंकली. त्याच महिन्यात कल्याण झाला, तुझा नवरा. तोही लई लांबला. बसलं पक्कं.

२१ मे
रोज चहाच्या आधी उजळणी करायची. आज चहा आधी झाला. उद्यापासून.

२३ मे
पापड होते. उजळणी नाही.
विहीणबाईंचा फोन. म्हणाल्या, तुमचं बरंय, लिहिलेलंच नाही, तर चुकलेलं दिसणार कुठं. मी म्हणाले, तुमचा चष्मा हरवला की इतिहासच हरवला.

२६ मे
त्र्याण्णवनंतर मॅचच नाही. दुसरा मोठा कप निघाला, हा मागं पडला, तो थेट आता परत निघाला. एकोणतीस वर्षं. दोन खंडांत मिळून एकाला आठवण नाही. आरती, तुझ्याच माहेरचे सगळे.
ही रिकामी वर्षं पाठ करायला काय लागतं.

२९ मे
कुरडयांचे गहू भिजत घातले. पोरीला गरम चीक लई आवडतो. आरती म्हणाली, ती येणार हे ठरू तर द्या. मी म्हणाले, भिजलेले गहू परत वाळवायचेत काय? ठरलंच हाय.

३१ मे, संध्याकाळी
झाली परीक्षा. पंच्याऐंशी बरोबर. त्र्याण्णव बरोबर, पेनल्टीसकट. मग ती रिकामी वर्षं आली. रिकामी कशी सोडायची? मच्छिंद्रचं लग्न सांगितलं. प्रवरेचा पूर सांगितला. संस्कृती रांगत पातेल्यापर्यंत गेली आणि मुठीनं चीक खाल्ला, ते सांगितलं. पोरगी खूप हसली. मग म्हणाली, आजी, उद्या अर्जेंटिनासमोर कोण?
तेवढ्यात मोबाईलची बॅटरी गेली.
आरती म्हणते बॅटरी होती, आणि मी डेन्मार्क म्हणाले. हे लिहू नको.

१ जून
चीक झाला. पातेलंभर. तिघांनी खाल्ला, उरला. कुरडया घातल्या. आज मॅच बघणारच, कितीही उशीर होवो.

२ जून
मॅच चांगली झाली असणार. माझा जरा डोळा लागला. कल्याण म्हणतो, अर्जेंटिनानं इटलीला तीन-शून्यनं हरवलं.
इटली. परवापासून जिभेवरच होतं.

४ जून
विहीणबाईंनी कागद बघून सगळं बरोबर सांगितलेलं. पोरगी भिंगारला गेली. मीच सोडली म्हण ना. त्यांचे गुडघे दुखतात, घरात कुणी असलेलं बरं.

उद्या कल्याण नगरला चाललाय, भिंगारलाही जाईल. त्याच्याकडं कुरडया दे. मोडक्या विहीणबाईंना, अख्ख्या पोरीला. पिशवीत नको, आपल्या मोठ्या स्टीलच्या डब्यात दे, आणि डबा पोरीनंच परत आणायचा म्हणून सांग. गच्च भरू नको. लवकर रिकामा झाला पाहिजे.