खासेसाहेबांची वंशावळ

६ जुलै
आजपासून शेळीपालन. बँकेतून रिटायर झालेले लोक फ्रीगंजच्या बाजारात चकरा मारतात, मी नस्ल तयार करणार. परसात शेड झाली. दोन जमुनापारी शेळ्या आल्या: रुक्मिणी आणि सत्यभामा. प्लॅन साफ आहे. जातिवंत बोकड, जातिवंत करडं, मग घरचं दूध, आणि सगळ्यांची वंशावळीसकट नोंदणी. विनोदिनी म्हणाली, मधमाश्यांच्या वेळीही असंच म्हणाला होतात. बायकोला दूरदृष्टी नसते.

१३ जुलै
इथल्याच देवास गेटच्या एका व्यापाऱ्याकडून बोकड आणला. काय रुबाब! गळ्यात हात घातला तरी हलला नाही. बढ़िया है ना, असं विचारलं तर व्यापारी म्हणाला, खस्सी है साहब, एकदम खस्सी. जाणकार माणूस. आमच्या घराण्यात दरबारची चाकरी होती. खासे म्हणजे खुद्द सरकार, हे आम्हाला सांगावं लागत नाही. त्याच्या तोंडात खासाचं खस्सी झालं, एवढंच. नाव ठेवलं खासेसाहेब.
विनोदिनी खस्सीबद्दल काहीतरी सांगायला लागली. म्हटलं, सात पिढ्या उज्जैनात गेल्या, मला हिंदी शिकवू नकोस. गप्प बसली. ती गप्प बसली की मी जिंकलेलो असतो.

२ ऑगस्ट
पुस्तकात लिहिलंय की बोकडाला उग्र वास येतो. खासेसाहेबांना बिलकुल नाही. फालतू बोकडांना येत असेल.

१७ ऑगस्ट
सत्यभामा माजावर आली. ओरडून कॉलनी डोक्यावर घेतली. खासेसाहेबांनी तिच्याकडे एकदा पाहिलं आणि तिच्या वाटणीचा पाला खाल्ला. माझं निदान: संकोच. शेजारचे सुधाकरराव गच्चीतून बघत होते, अशात कोणाला जमेल? जुनी चादर आडवी धरून उभा राहिलो. सुधाकररावांनी वरून विचारलं, मंगलाष्टकं म्हणू का. चादर आणखी वर धरली. खासेसाहेबांनी चादर खाल्ली.

३१ ऑगस्ट
विनोदिनीचा अल्टिमेटम. तुळशीच्या लग्नापर्यंत एकही शेळी गाभण नसेल तर तिन्ही जनावरं देवासला, तिच्या भावाच्या शेतावर. गाभण नाही तर करडं नाहीत, करडं नाहीत तर दूध नाही, मग ह्यांना पोसायचं कशाला, म्हणे.
ही रोजनिशी कोणी वाचत नाही म्हणून लिहितो. शेळ्या गेल्या तर सकाळी उठायचं कशासाठी? पण डरणार नाही. उद्यापासून खासेसाहेबांना भिजवलेले बदाम.

१४ सप्टेंबर
बदामाने वजन वाढलं, उत्साह नाही. सुधाकरराव म्हणाले, तुमचा बोकड साधू झालाय, कुंभमेळ्याला पाठवा. लोक जळतात.

२१ सप्टेंबर
सर्वपित्री. पहाटेपासून दोन्ही शेळ्या ओरडत होत्या आणि खासेसाहेब झोपले होते. राम घाटावर गेलो. ही गर्दी. शिप्रेत उभा राहून तर्पण केलं, पितरांना म्हटलं, आता तुम्हीच बघा. दुपारी परतलो तर शेळ्या गप्प. घरात डेटॉलचा वास येत होता. सणासुदीची साफसफाई असेल.

१ नोव्हेंबर
जनावरांची डॉक्टर मृणाल मशीन घेऊन आली. मला काका म्हणते, गुणी मुलगी. दोघी गाभण! दोघी! टावर चौकातून पेढे आणले. सुधाकररावांना एक, खासेसाहेबांना चार. कॉलनीच्या व्हॉट्सॅप ग्रुपवर टाकलं: जातिवंत बोकड सेवेस उपलब्ध, चादर आमच्याकडून.

९ नोव्हेंबर
मृणाल नोंदणीची माहिती घ्यायला आली. करडांच्या वडलांचं नाव विचारलं. मी छाती काढून खासेसाहेबांना पुढे केलं. तिने मागून वाकून पाहिलं आणि बसायला खुर्ची मागितली. हसून झाल्यावर म्हणाली, काका, हा खस्सी आहे. म्हटलं, तेच तर. म्हणाली, मराठीत खच्ची म्हणतात.
मग सगळं बाहेर आलं. सर्वपित्रीला मी घाटावर असताना विनोदिनीने हिला बोलावून दोघींचं सरकारी बीजाच्या इंजेक्शनने उरकून घेतलं. मला आधी का नाही सांगितलं, तर म्हणे पहिल्याच दिवशी सांगत होते, तुम्ही हिंदी काढलीत. बरं, मग शेळ्या वाचवल्यास तरी कशाला? म्हणाली, त्या गेल्या असत्या तर तुम्ही दिवसभर माझ्या स्वयंपाकघरात येऊन बसला असता.
माझं मत कायम आहे. व्यापाऱ्याचा उच्चार अशुद्ध होता.

२० फेब्रुवारी
काल सत्यभामा व्याली, आज रुक्मिणी. तीन करडं, ठणठणीत. तिन्ही खासेसाहेबांच्या पोटाशी जाऊन झोपतात. रक्ताचं नातं हेच सर्वस्व नाही, असं माझं आजपासूनचं धोरण.
नोंदणी झाली. वडलांच्या जागी कुठल्याशा सरकारी बोकडाचा नंबर पडला. मालक कोण, असं मृणालने विचारताच मी घसा साफ केला, तेवढ्यात विनोदिनी आतून म्हणाली, मालक माझं नाव लिही, ह्यांचा फोन नंबर टाक, रिकामेच असतात.
म्हणजे संपर्क अधिकारी. लहान पद नाही. बँकेतसुद्धा संपर्कावाचून पान हलत नसे.
पहिला फोन आत्ताच आला. शेडमधून. मालकीणबाई विचारत होत्या, लेंड्या कोण उचलणार.