दुपारी बंद होणारं बटण

अहो,

मी जुन्या शहरात बहिणीकडे जाते आहे, संध्याकाळी येईन. भाजी झाकून ठेवली आहे.

फोटोंचा बॅकअप रोज अर्धवट राहिला की तुम्ही म्हणता, “काय झालं बाप्पा याले!” वायर चांगली आहे, पासवर्डही बरोबर आहे. कॉम्प्युटरवाल्या जीवनला पुन्हा फोन करून त्या पोराला पिडू नका. तुम्ही दुपारी झोपलात, की फोटो साठवायच्या त्या डब्याचं बटण मीच बंद करत होते.

तुमच्या अमरावतीच्या कॉलेजातल्या ज्योत्स्नाबाईंचे एकेचाळीस फोटो तुम्ही स्कॅन केले. चौऱ्याहत्तरच्या गॅदरिंगमधली त्यांची निळी साडी मलाही पाठ झाली. आपला हिवरखेडच्या मांडवातला एकच फोटो, तो मात्र कपाटातच राहिला.

आज बटण चालू आहे. मांडवातला फोटो कीबोर्डवर ठेवला आहे. मी आल्यावर तो डब्यात दिसला नाही, तर उद्या दुपारी पुन्हा झोपून बघा.

तानू