टिक्यावरची बराखा

दि. ४ नोव्हेंबर

चि. बारकीस,
ताईचे अनेक आशीर्वाद आणि शालोम, वि. वि.

काल कॉन्व्हेंटच्या भिंतीवर दोन मुली डबा खात बसलेल्या दिसल्या आणि आपण दोघी आठवलो. त्याच भिंतीवर तू सफरचंदावर बराखा, खाण्याआधीची देवाच्या आभाराची प्रार्थना, म्हटली होतीस, डोळे मिटून, अगदी आईसारखी. डोळे उघडेपर्यंत सफरचंद घरंगळत गटारात गेलं. तू सफरचंदासाठी रडलीस, मी देवाचं नाव वाया गेलं म्हणून रडले. सिस्टरांना वाटलं आपलं भांडण झालंय. दोघींना वर्गाच्या दोन टोकांना बसवलं. घरी आई म्हणाली की आधी वस्तू घट्ट धर, मग देवाला हाक मार. उगाच बोलावून त्याला दारात ताटकळत ठेवू नये.

आता माझ्यावर तशीच वेळ आलीय. आपला भाऊ येतोय, टिक्या. सिनेगॉगचं भिंतीवरचं घड्याळ बंद पडलं. दोन कारागिरांनी हात टेकले, तेव्हा प्रार्थना चालवणाऱ्या आपल्या हझ्झानसाहेबांनी घड्याळजी म्हणून त्यालाच लिहिलं. तो येतो म्हणाला आणि ताईकडे उतरलं तर चालेल का, हेही त्यांनाच विचारलं. मला नाही. सहा वर्षांत मला एक ओळ नाही.

तुला आठवतं ना, बाबा गेल्यावर आपण सात दिवस जमिनीवर बसलो होतो. कामाला हात लावायचा नाही, कातडी चपला घालायच्या नाहीत. चौथ्या दिवशी हा बूट घालून उठला, बाबांचं घड्याळांचं दुकान उघडायला. मी म्हटलं की घड्याळं थांबतील, बाप पुन्हा जाणार नाही. तो जिन्यातून म्हणाला की मग मला मेला समजा.

म्हणून मी ठरवलंय. जिवलग माणूस बारा महिन्यांनी भेटलं की म्हणायची एक बराखा आहे, धन्य तू, जो मेलेल्यांना जिवंत करतोस. आईने मामींना बघून म्हटली होती. मी उंबऱ्यातच म्हणणार, खणखणीत. स्वतःच मेला होता ना, मग घे. तरी एकदा हझ्झानसाहेबांना विचारते.

बाकी ठीक. बाइंडिंगच्या दुकानात अर्धा दिवस जाते. सध्या सिनेगॉगची जुनी प्रार्थनापुस्तकं शिवायला आली आहेत, पानं पापडासारखी मोडतात. लोभ वाढता राहू दे, वाढायला आता माझं वजन तेवढं पुरे.

तुझी,
ताई


दि. ९ नोव्हेंबर

ती. ताईस,
बारकीचा शालोम आणि नमस्कार, वि. वि.

पत्र वाचून हसले आणि मग पुन्हा वाचलं. ताई, तू बराखा म्हणणार आहेस की टोमणा मारणार आहेस, ते आधी ठरव. आपला टिक्यादादा कसा आहे तुला माहीत आहे. त्याला नाकावर माशी बसलेली खपत नाही. उंबऱ्यात तू त्याला मेलेला ठरवलंस तर तो पिशवी उचलून आल्या पावली जाईल आणि पुढची सहा वर्षं मी तुम्हा दोघांच्या मधे निरोप्या. माझ्याकडे तो येतो हे तुला ठाऊक आहे. तू विचारत नाहीस, मी सांगत नाही, आणि तुम्ही दोघंही माझ्या घरी वेगवेगळ्या दिवशी एकाच खुर्चीत बसून एकमेकांबद्दल गप्प बसता.

शिवणवर्गात परवा एका मुलीने बाही उलटी जोडली आणि वर म्हणते की हीच फॅशन आहे. मला तूच आठवलीस. चुकलं तरी टाका पक्का.

एक सांगू का, रागावू नकोस. तो येणार हे कळलं तेव्हा तुला आनंद झाला की नाही, हे तू चार पानांत कुठेच लिहिलं नाहीस.

ह्यांचा गुडघा बरा आहे. तुझी माया कमी होऊ देऊ नकोस, आणि ओरडायचं असेल तर पुढच्या पत्रात ओरड.

तुझी,
बारकी


दि. १५ नोव्हेंबर

चि. बारकीस,
अ. आ. आणि शालोम.

ओरडत नाही. ओरडायला तोंड राहिलं नाही.

हझ्झानसाहेबांकडे गेले. ते अंगणात चष्मा शोधत होते, चष्मा कपाळावर. मी प्रश्न मांडला. त्यांनी विचारलं की मधल्या काळात त्याची काही खबर होती का, कारण पत्र येत असेल तर तो जिवंत आहे हे आपल्याला माहीतच असतं, मग ती बराखा म्हणावी की नाही याबद्दल मतभेद आहेत, आणि शंका असेल तिथे देवाचं नाव घ्यायचं नाही. मी म्हटलं, एक ओळसुद्धा नाही. ते म्हणाले, दुसरं काही?

आता तुला सांगते, कारण त्यांना सांगावंच लागलं. दर वर्षी बाबा गेल्याच्या तिथीआधी एक पुडकं येतं. नाव नाही, पत्ता छापील अक्षरांत. आत आईच्या शब्बाथच्या दिव्यासाठी हाताने वळलेल्या वाती, वर्षभर पुरतील इतक्या. हझ्झानसाहेबांनी विचारलं की कोण पाठवतं हे कशावरून ओळखलं. म्हटलं, पीळ उलटा आहे. आमच्या घरात डावखुरा एकच. मग विचारलं की त्या वाती लावता का. म्हटलं, लावते, चांगल्या जळतात. ते म्हणाले, म्हणजे दर शुक्रवारी संध्याकाळी भावाची खबर तुमच्या हातात असते आणि तुम्ही म्हणता मेलेला. नाही बाई, ही बराखा तुम्हाला मिळायची नाही.

मी म्हटलं, मग महिनाभराने भेटणाऱ्यावर म्हणतात ती धाकटी तरी, आम्हाला या वेळेपर्यंत जगवलंस म्हणून देवाचे आभार मानणारी? ते म्हणाले, ती चालेल. अट एकच. बघून आनंद झाला पाहिजे. नातं आहे म्हणून, चांगलं दिसतं म्हणून नाही. आनंद नसेल तर नाव वाया.

मी निघायला वळले. त्यांना दया आली असावी. म्हणाले की या मोसमात अजून न खाल्लेलं एखादं फळ दाराशी ठेवा. नव्या फळावर तीच बराखा आहे. मन कच्चं निघालं तरी फळ तुम्हाला वाचवील.

तेव्हा मी डाळिंब आणून ठेवलंय. पण बारके, त्याच्या बुटांचा तो जिन्यातला आवाज अजून कानात आहे. बघून मला काय होईल, मला खरंच माहीत नाही, आणि खोटं बोलायचं तर देवासमोर बोलायचं नाही. लोभ असू दे, सल्लाही असू दे.

तुझी,
ताई


दि. १८ नोव्हेंबर

ती. ताईस,
टिक्याचा नमस्कार.

गुरुवारी दुपारच्या गाडीने येतो. तुला अवघड वाटत असेल तर हझ्झानसाहेबांची बाहेरची खोली आहे, तसं त्यांना विचारून ठेवलंय.

एक गोष्ट तोंडावर सांगता येणार नाही म्हणून लिहितो. चौथ्या दिवशी मी दुकान उघडलं ते ज्या घड्याळासाठी, ते बाळंतपणाच्या वॉर्डातलं होतं. बाबांनी खोलून ठेवलं होतं, चाकं बशीत, आणि देतो म्हणून शब्द दिला होता. नर्सबाई तिसऱ्या दिवशी दाराशी येऊन तुम्हाला रडताना बघून न बोलता परत गेली. मी तुला हे तेव्हा सांगितलं नाही, कारण तू विचारलं नाहीस, नुसतं सुनावलंस. धर्माच्या हिशेबाने तू बरोबर होतीस. मी चुकलो असं मला अजून वाटत नाही. दोन्ही घेऊन येतोय, ठेवायला जागा असेल तर बघ.

माझी जेवणाची वेळ मागेपुढे झाली तर वाट बघू नये, असं म्हणण्याची पद्धत आहे. तू बघ.

तुझा,
टिक्या


दि. २४ नोव्हेंबर

चि. बारकीस,
अनेक आशीर्वाद, शालोम, आणि आज एक जास्तीचा.

तो सकाळच्याच गाडीने आला. दुपार सांगून सकाळी उगवायची सवय घड्याळजीला शोभत नाही, हे त्याला सांगितलं. मी टेबलावर पुस्तकांची पाठ चिकटवत होते, दोन्ही हात कोपरापर्यंत खळीने बरबटलेले. दार कोपराने उघडलं. केस पार पांढरे, बारके. बाबा उभे आहेत असं वाटलं, मग वाटलं की नाही, हा आपला टिक्या, आणि तो म्हातारा झालाय आणि मी बघितलं नाही. तोंडातून धाकटी बराखा निघून गेली. पूर्ण, देवाच्या नावासकट. तो पिशवी धरून उभा राहिला आणि शेवटी हळूच आमेन म्हणाला. डाळिंब दाराशीच होतं, त्याच्या कोपराजवळ. मला आठवलंच नाही.

हात धुतल्यावर घाबरले, फळाविना म्हटली, नाव वाया तर गेलं नाही ना. तशीच हझ्झानसाहेबांकडे निघाले, तर ते आमच्याकडेच येत होते. त्यांनी विचारलं की बराखा फळावर म्हटली ना? म्हटलं नाही, टिक्यावर. त्यांनी पुढे काही विचारलं नाही. डाळिंब मात्र खाऊन गेले.

त्या जिन्याबद्दल आम्ही बोललो, थोडंच. मी म्हटलं की सात दिवस म्हणजे सात दिवस. तो म्हणाला की बाळं थांबत नाहीत. मी म्हटलं की नर्सबाईचं सांगितलं असतंस तर मी स्वतः हझ्झानसाहेबांना विचारून आले असते, काहीतरी वाट निघाली असती. त्यावर तो सिनेगॉगच्या घड्याळाची बशीतली चाकं पुसत म्हणाला की हो, ते सुचलंच नाही. मेलेल्यांना जिवंत करण्याची मोठी बराखा हुकल्याचं सांगितलं, तर म्हणतो की बरं झालं, मेलेल्याला जेवायला दोनच पोळ्या वाढल्या असत्यास.

घड्याळ शुक्रवारी सूर्य मावळायच्या आत चालू झालं. दिवा लावला, त्याने बाबांच्या चालीवर द्राक्षरसाच्या पेल्यावरचं किद्दूश म्हटलं, दोन ठिकाणी चुकला, मी सुधारलं, तो चिडला. सगळं पूर्वीसारखं. मी सुखात आहे. लोभ आहेच, तो असाच राहू दे.

तुझी,
ताई

ता. क. आई-बाबांच्या वस्तू इतकी वर्षं घरात वाट बघताहेत, आता वाटून टाकते. टिक्याला किद्दूशचा चांदीचा पेला दिला. त्याच्या घरी तो काचेच्या ग्लासावर म्हणतो, हे मला शोभत नाही. बाबांची अवजारांची पेटीही त्यालाच. आईचं प्रार्थनापुस्तक तुझ्या लेकीला, मी नव्याने बांधलंय, पाठ वाळली की पाठवते. दिवा माझा हात थरथरेपर्यंत माझ्याकडे, मग तुझ्याकडे. शब्बाथचा पांढरा टेबलक्लॉथ मात्र कुणालाच देत नाही. तो कापायचाही नाही. तीन जणांना पुरेल एवढा आहे. ज्याला हवा असेल त्याने शुक्रवारी इथे जेवायला यावं.